बर्लिन: शोनेबर्ग की क्रॉइत्सबर्ग? आज रात्रीच ठरवायचंय, मदत हवी आहे

वाटसरू_एक
नमस्कार मंडळी. दोन हॉटेलं धरून ठेवली आहेत. एक शोनेबर्ग भागात नोलेनडॉर्फप्लात्सजवळ, दुसरं क्रॉइत्सबर्ग भागात कॉटबुसर टोरजवळ. फुकटात रद्द करायची मुदत आज रात्री बारापर्यंत. भाड्यात फारसा फरक नाही. गे बार बघायचे आहेत, रात्री परतताना वणवण नको. कुठलं ठेवू? गूगल कर म्हणू नका, दुपारपासून तेच चाललंय.

चहाबाज
कधी जाताय? किती दिवस? एकटे की कुणी सोबत? काहीतरी सांगा की राव.

मुळामुठा
बर्लिन कशाला, ॲमस्टरडॅमला जा. समलिंगी लग्नं जगात सगळ्यात आधी तिथे लागली, १ एप्रिल २००१ ला. वेस्टरकेर्क चर्चजवळ होमोमोन्युमेंट आहे, गुलाबी ग्रॅनाइटचे तीन त्रिकोण, त्यातला एक पायऱ्यांनी थेट कालव्यात उतरतो. सगळं पायी फिरता येतं.

वाटसरू_एक
बर्लिनच ठरलंय. प्रश्न हॉटेलचा आहे.

घाटावरचा
क्रॉइत्सबर्ग! शोनेबर्ग आता पेन्शनरांचं झालंय. खरी मजा बर्गहाइन क्लबात. शनिवारी रात्री आत शिरायचं ते सोमवारी सकाळी बाहेर. काळे कपडे घाला, रांगेत खिदळू नका, मोबाइल खिशात ठेवा. दारातच कॅमेऱ्याच्या भिंगावर गोल स्टिकर चिकटवतात.

श्प्रे_काठी
@घाटावरचा, माणसाने चालत परत येता यावं एवढंच मागितलंय आणि तुम्ही त्याला ३६ तास नाचवताय. शिवाय आत सोडतीलच याची खात्री काय? पेन्शनर म्हणाल तर मी ४६ चा, नवरा ५१ चा. शोनेबर्गात आम्हीच तरुण दिसतो हे मात्र खरं :)

घाटावरचा
मग तेच तर म्हणतोय मी!

विसूकाका
शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा प्रवास विमा लागतो, तो आधी काढून ठेवा. पेढे, तूप, श्रीखंड अजिबात नेऊ नका. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून न्यायला युरोपीय संघात बंदी आहे. भाकरवडी चालते.

वाटसरू_एक
काका, मी ऑफिसच्या कामाने फ्रँकफर्टलाच आहे. भाकरवडी संपलीसुद्धा.

चहाबाज
हे आत्ता सांगताय! तारखा?

वाटसरू_एक
नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा. सोमवारी दुपारी पोचतो, गुरुवारी पहाटेची गाडी. पार्टनर पुण्याहून दोहामार्गे येतोय. त्याला दमा आहे, फार दगदग झेपत नाही. माझ्या घरी हे माहीत नाही, त्यामुळे ओळखीत कुणाला विचारायची सोय नाही.

श्प्रे_काठी
सोमवार ते गुरुवार पहाट! दमा! अहो, हेच पहिल्या ओळीत हवं होतं. वरचे अर्धे प्रतिसाद बाद.

नोलेनडॉर्फप्लात्सचं ठेवा. शुक्रवार-शनिवारी इथे भुयारी रेल्वे रात्रभर धावते, पण मधल्या वारी मध्यरात्रीनंतर काही तास बंद असते. मग रात्रीच्या बसची वाट बघत थंडीत उभं राहायचं. क्लबांची खरी गर्दीही शनिवार-रविवारची. मोत्सश्ट्रासे आणि फुगरश्ट्रासेवरचे बार मात्र मधल्या वारीही चालू असतात आणि तुमच्या हॉटेलपासून पायी आहेत. हाइले वेल्ट, प्रिन्सक्नेश्ट, कुठेही शिरा. कोपऱ्यात एक बिअर घेऊन तासभर बसलात तरी कुणी उठवत नाही. दोघांनी हात धरला तरी शेजारचा मान वळवत नाही, आणि पहिल्या दिवशी आपल्याला त्याचंच जास्त अवघडल्यासारखं होतं.

दम्याचं मनावर घ्या. बर्लिनमधल्या बऱ्याच छोट्या बारमध्ये अजून आत बसून सिगारेट ओढतात. दार उघडताच कळेल. धूर असेल तर लाजू नका, सरळ मागे फिरा. माझा कोट तर दुसऱ्या दिवशी खिडकीबाहेर टांगावा लागतो. कार्डावर विसंबू नका, रोख जवळ ठेवा.

दिवसा काय करणार? त्या आठवड्यात चारच्या सुमारासच सूर्य मावळतो. नोलेनडॉर्फप्लात्स स्टेशनचा घुमट रात्री इंद्रधनुषी दिव्यांनी उजळतो, तो दिसेलच. त्याच स्टेशनच्या दक्षिणेच्या दाराशी भिंतीवर एक गुलाबी त्रिकोण आहे, नाझींनी मारलेल्या समलिंगी लोकांची आठवण म्हणून १९८९ मध्ये बसवलेला. लोक घाईत त्याच्यासमोरून निघून जातात. मोत्सश्ट्रासे २४ मध्ये पूर्वी एल्डोराडो होतं, १९२० च्या दशकाच्या अखेरीस गाजलेला नाइटक्लब, नाझी सत्तेवर येण्याच्या सुमारास बंद पडला. समलिंगींच्या हक्कांसाठी झटणारे डॉक्टर मॅग्नुस हिर्शफेल्ड यांची लैंगिक विज्ञान संस्थाही याच शहरात, १९१९ सालची. ६ मे १९३३ ला नाझींनी ती लुटली आणि चार दिवसांनी तिथली पुस्तकं जाळली. लुट्सोश्ट्रासेवरचं श्वुलेस म्युझियम बघा, तिथे यातलं पुष्कळ सापडेल, पण आठवड्यातला सुट्टीचा वार तपासून जा.

घाटावरचा
कॉटबुसर टोरला मोबेल ओल्फे बार आहे. गुरुवारी गे मंडळींनी फुल्ल असतो.

श्प्रे_काठी
गुरुवारी पहाटे ते गाडीत बसणार आहेत.

जुनाजाणता
इथे असले धागे काढायलाच हवेत का? पूर्वी या सदरात अष्टविनायकाची, चारधामची चर्चा व्हायची.

चहाबाज
मग अष्टविनायकाचा धागा काढा, कुणी अडवलंय? समलिंगी संबंध गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ चा निकाल ६ सप्टेंबर २०१८ लाच लागला, ती बातमी तुमच्यापर्यंत पोचली नाही वाटतं.

मुळामुठा
धाग्यात भांडणं काढू नका रे. तरी ॲमस्टरडॅमला तोड नाही, वार्मूसस्ट्राटवरच्या...

गोदाकाठ
@वाटसरू_एक, दोहाकडे कुणाचंच लक्ष गेलेलं नाही. कतारमध्ये पुरुषांमधले संबंध कायद्याने गुन्हा आहे. नुसता विमान बदलणारा प्रवासी सहसा कुणाच्या नजरेत येत नाही, तरी पार्टनरला सांगा की तिथे डेटिंग ॲप उघडू नको आणि विमानतळाबाहेर पडू नको. इनहेलर हातातल्या बॅगेत, डॉक्टरच्या चिठ्ठीसकट.

वाटसरू_एक
हे डोक्यातच आलं नव्हतं. लगेच फोन करतो त्याला. शोनेबर्ग ठेवलं, दुसरं रद्द. एकच शेवटचं: रिसेप्शनवर एकच मोठा पलंग मागितला तर काही विचारतील का?

श्प्रे_काठी
किल्ली देतील आणि नाश्त्याची वेळ सांगतील. जर्मनीत आमच्यासारख्यांची लग्नं १ ऑक्टोबर २०१७ पासून होताहेत, पलंगाचं कुणाला काय पडलंय. बर्लिनचा शहर-कर मात्र भाड्यात धरलाय का ते बघून घ्या. रस्त्यात कुणी त्रास दिलाच तर ११० वर पोलिस, आणि ब्युलोश्ट्रासेवरचं मान-ओ-मेटर लक्षात ठेवा. गे लोकांसाठीचं माहिती आणि मदत केंद्र आहे, तुमच्या हॉटेलच्या अगदी जवळ.

विसूकाका
एवढ्या थंडीत लोकरीचे मोजे हवेतच. आमच्या धाकट्याने बर्लिनला ऐन डिसेंबरात कॅनव्हासचे बूट नेले होते.

शेवंती
धागा वाचतेय. सगळी पुरुषांची सोय चाललीय! मी आणि माझी मैत्रीण मार्चमध्ये जाणार आहोत. बायकांसाठी काही?

श्प्रे_काठी
पॉट्सडामर श्ट्रासेवर बेगिने नावाचं कॅफे-बार, १९८६ पासूनचं, फक्त स्त्रियांसाठी. मला आतून ठाऊक नाही, आमच्या शेजारणी जातात. वेगळा धागा काढा, तिला इथे लिहायला बसवतो. आणि तारखा पहिल्या ओळीत टाका.