४३० रुपयांचं ॲव्हरेज

संजय बी-२०४: सगळ्यांना नमस्कार. नाव घेत नाही, ज्यांना समजायचं त्यांना समजेल. गाडी शेजारधर्म म्हणून देतो, धंदा म्हणून नाही. टाकी जशी दिली तशी परत यावी एवढीच अपेक्षा होती

वैशाली वहिनी ए-३०४: भाऊजी नाव नाही घेतलं तरी इंदूरहून भोपाळला लग्नाला गाडी नेणारा एकच आहे, आणि मागच्या सीटवर आम्ही होतो 😄

राहुल बी-३०१: संजय दादा मी कालच २२७० पाठवले ना. निघताना गेटवरच ट्रिप रीसेट केली होती, येऊन बघितलं तर ३९६ किमी आणि ॲव्हरेज १८.६. म्हणजे २१.३ लिटर. १०६.७० च्या भावाने गुणा करून पाठवले, फोटो पण आहे माझ्याकडे

संजय बी-२०४: फोटोने गाडी चालत नाही राहुल. आज टाकी फुल केली, २५.३ लिटर बसलं, २७०० रुपये. जाताना मी फुल करूनच दिली होती. म्हणजे ४३० चा फरक, आणि ॲव्हरेज आला साडेपंधरा. माझी गाडी १७ च्या खाली कधी गेली नाही, आता कशी चालवली देव जाणे

राहुल बी-३०१: दादा ऐंशीच्या वर गेलो नाही, वहिनींना विचारा

वैशाली वहिनी ए-३०४: नाही गेला. सोनकच्छच्या पुढे ट्रॅक्टरने पण ओव्हरटेक केलं आम्हाला

नाना सी-१०१: *फॉरवर्डेड* सावधान!! पेट्रोल कधीही १००, २००, ५०० असं राउंड फिगरमध्ये टाकू नका. ११०, २१०, ५१० चं टाका. मशीनमध्ये राउंड फिगरचं सेटिंग केलेलं असतं. जास्तीत जास्त लोकांना पाठवा

योगेश सी-२०२: अरे भिया हा सगळा इथेनॉलचा खेळ आहे. २० टक्के इथेनॉल घालून राहिले, ॲव्हरेज पडणारच. माझी आधी १५ द्यायची आता १३ पण नाही

सेक्रेटरी: सूचना - उद्या नर्मदेचं पाणी सकाळी ६ ला येईल, प्रेशर कमी राहील. कृपया गाड्या पाइपने धुऊ नये.

माई ए-२०१: हे कोणासाठी आहे तेही सांगा एकदाचं

संजय बी-२०४: माई मी बादलीनेच धुतो. पाइप झाडांसाठी होता

माई ए-२०१: झाडं पार्किंगमध्ये कधी लावली

पाटणकर काका ए-१०२: संजय, मघापासून वाचतोय. पीथमपूरला गाड्यांच्याच कामात जन्म गेला म्हणून बोलतो, राग मानू नको. डिस्प्लेवर जो ॲव्हरेज येतो तो पेट्रोल मोजून येत नाही. टाकीपासून इंजिनपर्यंत किती लिटर गेलं ते मोजणारं मीटर आपल्या गाड्यांत नसतं. इंजिनात पेट्रोल फवारणारा इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा राहिला ते ईसीयूला, म्हणजे गाडीतल्या कॉम्प्युटरला, माहीत असतं, तेवढ्या वेळात एवढं पेट्रोल जातं असं कंपनीने धरलेलं असतं, त्यावरून तो अंदाज बांधतो. प्रेशर थोडं वेगळं, इंजेक्टर जुना, की अंदाज हलला. आणि बहुतेक गाड्यांत तो खुशखबरीकडेच झुकलेला असतो, ५ ते १० टक्के जास्त दाखवणं काही विशेष नाही. त्यामुळे राहुलने त्यावरून पैसे काढले ते चुकलंच

संजय बी-२०४: बघा!! मी हेच बोलून राहिलो. डिस्प्ले म्हणजे नुसती झांकी

पाटणकर काका ए-१०२: थांब, माझं झालं नाही. तुझे साडेपंधरा पण खरे नाहीत. पहिल्यांदा कुठे भरलं होतं, आणि आज कुठे?

संजय बी-२०४: पहिल्यांदा अन्नपूर्णा रोडला, ऑटो कट झाला, म्हणजे टाकी भरून नोझल आपोआप बंद पडलं, तिथेच थांबवलं. आज बायपासच्या पंपावर. त्याने काय होतं, पेट्रोल पेट्रोलच असतं

पाटणकर काका ए-१०२: आणि आज कट कितीला झाला?

संजय बी-२०४: २५२० च्या आसपास. मग मुलगा म्हणाला सुट्टे नाहीत, राउंड करू का, म्हटलं कर. हळूहळू टाकत २७०० केले

वैशाली वहिनी ए-३०४: म्हणजे नानांचं ऐकलं असतं तर २७१० चं टाकलं असतं 😂

नाना सी-१०१: हसा हसा. म्हणूनच परत पाठवतो. *फॉरवर्डेड* सावधान!! पेट्रोल कधीही १००, २००, ५०० असं राउंड फिगरमध्ये टाकू नका

योगेश सी-२०२: नाना, मशीनला रुपये कळत नाहीत, लिटर कळतात. संशय असेल तर पंपावर ५ लिटरचं शिक्क्याचं माप ठेवलेलं असतं, मागितलं की मोजून दाखवावंच लागतं, ५ लिटरमागे २५ एमएल इकडे तिकडे चालतं. पण लाइनमध्ये उभं राहून कोण मागतो

नाना सी-१०१: मी मागतो

पाटणकर काका ए-१०२: कटवर २५२० म्हणजे २३.६ लिटर. त्यावर घातलेलं पावणेदोन लिटर तुझ्याच टाकीत आहे संजय, ते भोपाळला गेलेलं नाही. ३९६ भागिले २३.६, ॲव्हरेज १६.८. म्हणजे डिस्प्ले १० टक्क्यांच्या आसपास जास्त बोलतोय. त्यात पंप वेगळा, नोझल वेगळं, गाडी उतारावर उभी असेल तर कट मागेपुढे होतो. म्हणून मी म्हणतो एकाच पंपावर, त्याच मशीनवर, पहिल्या कटला थांबायचं, आणि चार-पाच टाक्यांचा हिशेब एकत्र करायचा. एका टाकीवरून गाडीला नावं ठेवू नये

योगेश सी-२०२: पण काका इथेनॉल?

पाटणकर काका ए-१०२: ते खरं आहे पण इथे लागू नाही. इथेनॉलमध्ये लिटरमागे ताकद पेट्रोलपेक्षा एक तृतीयांश कमी, त्यामुळे ॲव्हरेज पडतो. नीती आयोगाच्या २०२१ च्या रिपोर्टमध्ये जुन्या डिझाइनच्या चारचाकीला ६-७ टक्के लिहिलं आहे. पण ताकद कमी म्हणून इंजेक्टर जास्त वेळ उघडतो, आणि तो वेळ डिस्प्लेच्या हिशेबात येतोच. म्हणजे डिस्प्ले पण पडतो आणि पंपाचा हिशेब पण पडतो. या दोघांत जो फरक आहे त्याचं खापर इथेनॉलवर नको. तुझे १५ चे १३ झाले त्यात इथेनॉल थोडं असेल, बाकी टायरमधली हवा बघ

योगेश सी-२०२: हवा बरोबर आहे. इथेनॉलच आहे

संजय बी-२०४: आणि आष्ट्याला ढाब्यावर एसी चालू ठेवून गाडी उभी होती त्याचं काय? मला कळलंय

राहुल बी-३०१: वहिनींच्या सासूबाई गाडीत बसल्या होत्या दादा, मेचं ऊन होतं

वैशाली वहिनी ए-३०४: हे कोणी सांगितलं भाऊजींना??

पाटणकर काका ए-१०२: उभ्या गाडीत एसी लावून तासाला लिटरच्या आसपास जातं, अर्ध्या तासाचं ते काय. आणि ते २३.६ मध्ये आलंच. अजून एक, संजय तू दिवाळीत टायर बदललेस ना, १८५ रुंदीचे १९५?

संजय बी-२०४: हो, ग्रिपसाठी

पाटणकर काका ए-१०२: प्रोफाइल, म्हणजे रुंदीच्या किती टक्के टायरची उंची, तेच ६५ ठेवलंस तर चाक २ टक्के मोठं झालं. एका फेऱ्यात जास्त अंतर जातं, मीटरला ते कळत नाही. ३९६ दाखवले तेव्हा खरे ४०४ झाले असणार. म्हणजे गाडीने १७ च्या वर दिलं, तू म्हणतोस तेच. मुलाने नीट चालवली आहे

राहुल बी-३०१: धन्यवाद काका 🙏

योगेश सी-२०२: काका हे सगळं तुमच्या पीथमपूरच्या नॅट्रॅक्सला, गाड्या टेस्ट करतात तिथे, नेऊन टेस्ट करा, ११.३ किमीचा गोल ट्रॅक आहे तिथे, ट्रॅक्टर पण ओव्हरटेक करणार नाही

संजय बी-२०४: म्हणजे आता माझीच चूक. छान. गाडी पण माझी, पेट्रोल पण माझं, वरून २ टक्के पण माझे

माई ए-२०१: अरे चूक कोण म्हणतंय. २५२० वजा २२७०, अडीचशे रुपये. एवढ्यासाठी दुपारपासून फोन टिंगटिंग वाजतोय, माझी झोप गेली

पाटणकर काका ए-१०२: बरोबर माई. पैसे लिटरचे द्यायचे, किलोमीटरचे नाही

नाना सी-१०१: *फॉरवर्डेड* सावधान!! पेट्रोल कधीही १००, २००, ५०० असं

सेक्रेटरी: नाना कृपया. हा ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे. वैयक्तिक व्यवहार पर्सनलवर करावेत.

माई ए-२०१: मग गेल्या महिन्यात तुमच्या मेव्हण्याच्या गृहोद्योगाचे पापड इथे कसे आले

*सेक्रेटरी यांनी हा मेसेज डिलीट केला*

राहुल बी-३०१: संजय दादा २५० पाठवले, बघा. आणि खरंच थँक्यू, गाडी दिली नसती तर आमची पंचाईत होती

संजय बी-२०४: पोचले. गाडीचं काही नाही रे, तू लहान भावासारखा. फक्त फास्टॅगमधून टोल कटला आहे जाता-येता, माझ्या खात्यातून. तो पण सवडीने दे, घाई नाही

वैशाली वहिनी ए-३०४: टोल?? टोलचे तर राहुलने आम्हा तिघांकडून आष्ट्यालाच घेतले

राहुल बी-३०१: वहिनी मी खाली येतो, बोलू