पटावरचे नाव, वर्गातले लेकरू : मराठवाड्यातील प्रवेशांचे अनुभव

निवृत्त मुख्याध्यापक, धारूर तालुका, जि. बीड (धागाकर्ता)

मुलाचे नाव शाळेच्या पटावर कधी येते, असे विचारले तर आपण सगळे जून महिना सांगतो. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात ३१ वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळांत काम केल्यावर माझे मत वेगळे झाले आहे. नाव जूनमध्ये लिहिले जाते हे खरे. पण ते कोणत्या शाळेत लिहायचे आणि लिहिल्यावर लेकरू वर्गात किती दिवस बसणार, हे त्याआधीच घरात ठरलेले असते. ऊसतोडीला मजूर नेणाऱ्या मुकादमाची उचल (म्हणजे आगाऊ दिलेले पैसे), एस. टी.चे वेळापत्रक, घरात म्हातारे माणूस आहे की नाही, आणि मुलगी असेल तर तिचे वय, या गोष्टी तो निर्णय घेतात. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतील शिक्षक, पालक आणि माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या घरातला किंवा वर्गातला प्रसंग येथे सविस्तर लिहावा, अशी विनंती आहे.

सुरुवात मी करतो. शाळेला किती शिक्षक मिळणार ही संचमान्यता ३० सप्टेंबरच्या पटावर होते. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीचा पट ६० पर्यंत असेल तर दोन शिक्षक आणि त्याच्या वर गेला तर तिसरा, त्यामुळे त्या आठवड्यात एकेक नाव मोलाचे असते. आमचा पट त्या दिवशी ७० च्या आसपास भरत असे. मग दसरा होई, गावात ऊसतोडीला नेणारे ट्रॅक्टर येऊन उभे राहत, आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर पहिल्या दिवशी हजेरी घेताना मी २५ नावांपुढे हजेरी मांडत असे. मोजणी झाल्यावर वर्ग रिकामा होतो, ही गोष्ट कोणत्याही तक्त्यात दिसत नाही.

नवरा-बायकोच्या जोडीला आमच्याकडे ‘एक कोयता’ म्हणतात. त्या कोयत्याची उचल पावसाळ्यातच घरात येते आणि बी-बियाणे, दवाखाना किंवा थोरलीचे लग्न यांत संपूनही जाते. ऑक्टोबरात मी विनवणी करायला दारात जाई, तेव्हा त्या आईबापांच्या हातात ठरवण्यासारखे काही उरलेले नसे. एक आई मला म्हणाली होती, “गुरुजी, लेकराला ठिवावं असं मला बी वाटतंय, पर रातच्याला त्याला घास कोन भरवील?” आईबाप ऊसतोडीला गेले असताना मुलांची गावातच राहण्या-जेवण्याची सोय करणारी हंगामी वसतिगृहाची योजना याच प्रश्नाचे उत्तर आहे आणि ती वेळेवर सुरू झाली तर मुले खरोखर थांबतात, हे मी पाहिले आहे. एका वर्षी मात्र तिची मंजुरी ट्रॅक्टर गेल्यावर महिनाभराने आली.

त्या वर्षी गेलेल्यांत तिसरीतली एक मुलगी होती. स्थलांतरित मुलाला नव्या जागी प्रवेश मिळावा म्हणून दिले जाणारे शिक्षण हमी कार्ड मी तिच्या आईच्या हातात दिले होते. गुढीपाडव्याला सगळे परत आले, तेव्हा ते कार्ड पत्र्याच्या पेटीत, प्लास्टिकच्या पिशवीत, घडीही न मोडता तसेच होते. ऊसतोडीच्या फडापासून शाळा किती लांब आहे हेच त्यांना कोणी सांगितले नव्हते. तिच्या वहीच्या मागच्या पानांवर उभ्या रेघांचे गठ्ठे होते; मी विचारले तेव्हा तिने सांगितले की, आई जनावरांसाठी उसाचे वाढे, म्हणजे हिरवे शेंडे, विकायची आणि किती पेंढ्या गेल्या त्याचा हिशेब ही ठेवायची. पाच-पाचच्या त्या रेघांत एकही चूक नव्हती. माझ्या हजेरीपटावर त्याच पाच महिन्यांत तिच्या नावापुढे सलग गैरहजेरी होती.

माजी विद्यार्थिनी, सेनगाव तालुका, जि. हिंगोली

गुरुजी, आपण एस. टी.चा उल्लेख केला म्हणून लिहिते. आमच्या गावात शाळा सातवीपर्यंत होती आणि आठवीसाठी सहा किलोमीटरवरच्या गावी जावे लागे. भावाच्या वेळी कोणी चर्चा केली नव्हती. त्याला सायकल दिली आणि विषय संपला. आम्ही सात मुली होतो. पासाला पैसे पडत नव्हते, अहिल्याबाई होळकर योजनेत मुलींना एस. टी. मोफत आहे, आणि मानव विकास कार्यक्रमातली, शाळेत जाणाऱ्या मुलींसाठीची निळी बस गावात येत असल्यामुळे सातही जणींची नावे आठवीत पडली.

त्या पावसाळ्यात ओढ्यावरचा नळकांडी पूल वाहून गेला आणि बस दोन किलोमीटर अलीकडे फाट्यावरच थांबू लागली. शाळा पाच वाजता सुटायची, फाट्यावर उतरेपर्यंत सहा वाजून जायचे आणि दोन्ही बाजूंना माणसाच्या वर गेलेली तूर असायची. कोणाच्याही वडिलांनी “शिकू नको” असे म्हटले नाही. “पूल झाला की जा” एवढेच ते म्हणाले. पूल संक्रांतीच्या सुमारास झाला, पण तोवर घरी बसलेल्या चौघींपैकी दोघींच्या सोयरिकी ठरल्या होत्या. माझे नाव टिकले याचे कारण माझी हुशारी नव्हती. माझे आजोबा रोज संध्याकाळी बॅटरी घेऊन फाट्यावर येऊन बसत, आणि माझ्यासह उरलेल्या आम्ही तिघी त्यांच्यामागे चालत घरी येत असू. आज मी परिचारिका आहे. गळतीची कारणे भरून घेणाऱ्या तक्त्यात त्या चौघींपुढे ‘पालकांची अनास्था’ असे लिहिले गेले होते, हे मला पुढे आमच्या बाईंकडून कळले आणि त्याचे मला आजही फार वाईट वाटते.

सहशिक्षक, अनुदानित शाळा, अंबड तालुका, जि. जालना

एप्रिल-मे महिन्यांत आम्ही शिक्षक दोघा-दोघांनी मोटारसायकलवर वाड्या-वस्त्यांवर फिरतो आणि दाखलपात्र मुलांच्या याद्या करतो. पट कमी झाला तर आपण अतिरिक्त ठरू, ही भीती त्यामागे असते आणि ती लपवण्यात अर्थ नाही. पण या निमित्ताने मी शेकडो ओट्यांवर बसलो आहे आणि पालक शाळा कशी निवडतात हे मला तिथे कळले.

इंग्रजीचे आकर्षण आहेच. तरीही दहापैकी सहा-सात घरांत पहिला शब्द ‘गाडी’ असतो. पिवळी गाडी दारात येते, लेकराला उचलून नेते आणि दारात आणून सोडते. आई-बाप दोघेही सकाळी शेतात जाणार असतील तर त्यांच्या दृष्टीने ही शाळेची गुणवत्ताच आहे. दुसरी गोष्ट म्हणजे भावकी. चुलत्याचा मुलगा टाय लावून जातो आणि आपला खिचडीच्या शाळेत, हे बोलणे घरातल्या बाईला ऐकावे लागते. ज्या जिल्हा परिषद शाळांनी सेमी इंग्रजी सुरू केले, संध्याकाळी पालकांना फोन करण्याची सवय लावून घेतली आणि गावकऱ्यांकडून रिक्षाची सोय करून घेतली, त्यांचा पट माझ्या डोळ्यांदेखत परत चढला आहे.

एक मुलगा मी विसरू शकत नाही. वडिलांची मोसंबीची बाग होती आणि बागेच्या भरवशावर त्याला तालुक्याच्या खासगी इंग्रजी शाळेत घातले होते. २०१२-१३ च्या दुष्काळात टँकरवरही बाग जगली नाही. झाडे तोडून सरपणाच्या भावाने विकावी लागली. फी थकली, म्हणून त्या शाळेने दाखला अडवून ठेवला. वडील आमच्याकडे येऊन उंबऱ्यातच उभे राहिले, आत येईनात, कारण दाखल्याशिवाय आपल्याला कोणी बसवून घेणार नाही अशी त्यांची समजूत होती. वास्तविक शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ प्रमाणे दाखल्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही आणि कलम ४ प्रमाणे वयानुरूप वर्गात बसवावे लागते. आम्ही त्याच दिवशी त्याचे नाव पाचवीत लिहिले. त्याला मराठीतला परिच्छेद वाचता येत नव्हता आणि इंग्रजीतलाही नाही. वर्षभर मधल्या सुट्टीत तो माझ्या शेजारी बसून वाचत असे. या दोन कलमांची माहिती प्रत्येक शाळेच्या दर्शनी भिंतीवर लिहिली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. किती बाप उंबऱ्यातूनच परत गेले असतील याची मोजदाद कोणी केलेली नाही.

धागाकर्ता

सर, अतिरिक्त ठरण्याची भीती आपण मोकळेपणाने मांडलीत. २०११ च्या ऑक्टोबरात राज्यभर तीन दिवस पटपडताळणी झाली, तिची सुरुवात आपल्या नांदेडमधूनच झाली होती. मुलांच्या बोटांना शाई लावून मोजणी केली तेव्हा कितीतरी नावांना मुलेच नव्हती. ती खोटी नावे वेगळी आणि फडावर गेलेल्या मुलांची खरी नावे वेगळी. दोघांकडे एकाच संशयाने पाहिले गेले, तेव्हा माझ्यासारख्याला फार यातना झाल्या.

निवृत्त वकील, वय ८१, अंबाजोगाई

आजच्या शिक्षकांच्या माहितीसाठी थोडे मागचे लिहितो. १७ सप्टेंबर १९४८ पूर्वी निजामाच्या राज्यात आमच्या भागातल्या मुलाला पदवी घ्यायची तर हैदराबाद गाठावे लागे, आणि तिथे १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. माझे वडील बुद्धीने कमी नव्हते; अंतर, भाषा आणि खर्च या तिन्हींनी मिळून त्यांना थांबवले. १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला महाविद्यालय सुरू केले, तेच पुढचे मिलिंद. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ आले. मी बासष्ट साली औरंगाबादला गेलो तो विद्यापीठाची कीर्ती ऐकून नव्हे. आमच्या गल्लीतला एक मुलगा तिथल्या वसतिगृहात राहत होता आणि “माझ्या खोलीत ये, जेवणाचे पाहू” असे त्याने पोस्टकार्डावर कळवले होते. माझा प्रवेश त्या पोस्टकार्डाने झाला. ते अजून माझ्या कपाटात आहे.

कनिष्ठ महाविद्यालयातील शिक्षक, औसा तालुका, जि. लातूर

लातूर पॅटर्नमुळे राज्यभरातून मुले आमच्या जिल्ह्यात येतात, याचा अभिमान मलाही आहे. त्याच्याच सावलीत ग्रामीण कनिष्ठ महाविद्यालयांचे काय झाले, तेही लिहिले पाहिजे. आमच्या विज्ञान शाखेच्या हजेरीपटावर नावे भरपूर असतात. त्यांतली निम्मी मुले लातुरात खोली करून नीटच्या शिकवणीला असतात आणि आमच्याकडे प्रात्यक्षिक परीक्षेपुरती येतात. जी खरोखर वर्गात बसतात ती खोलीचे भाडे आणि मेसचे पैसे न परवडणारी मुले आहेत, आणि आपण मागे राहिलो असे त्यांच्या मनात अकरावीच्या पहिल्या आठवड्यातच बसते. २०२५-२६ पासून अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रक्रिया संपूर्ण राज्याला लागू झाली. त्या वर्षी जूनमध्ये मी गावातल्या नेट कॅफेसमोर पालकांच्या रांगेत उभा राहून पसंतीक्रम भरून देत होतो, कारण महाविद्यालय समोर दिसत असताना तिथे थेट नाव का घालता येत नाही, हे त्यांना समजत नव्हते.

पालक, मुखेड तालुका, जि. नांदेड

थोडक्यात लिहितो. माझ्या मुलाला शासकीय महाविद्यालयात अभियांत्रिकीची जागा मिळण्याइतके गुण होते. जात वैधता प्रमाणपत्र मुदतीत हाती आले नाही, कारण पणजोबांच्या वेळची शाळेतली नोंद मोडी आणि उर्दूत होती आणि ती वाचून देणारा माणूस शोधण्यात आमचे दीड महिने गेले. राखीव जागा गेली, खुल्या प्रवर्गाची फी झेपली नाही. त्याने बी. एस्सी.ला नाव घातले. बारावीचा निकाल लागल्यावर कागद गोळा करू नका. मूल दहावीत असतानाच कामाला लागा, एवढेच इतर पालकांना हात जोडून सांगतो.

प्राध्यापिका, वरिष्ठ महाविद्यालय, कळंब तालुका, जि. धाराशिव

आमच्या कला शाखेत आता मुलांपेक्षा मुली जास्त आहेत. हे चित्र आनंदाचे आहे, पण त्यामागची कारणे एकसारखी नाहीत. मुले बारावीनंतर पोलीस भरतीच्या तयारीला किंवा चाकणच्या कंपन्यांत जातात. मुलींना जवळचे महाविद्यालय मिळते, कारण लांब पाठवायचे नाही हे घरी ठरलेले असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रात अठराच्या आत लग्न झालेल्या तरुण स्त्रियांचे प्रमाण सुमारे २२ टक्के होते आणि शेजारच्या बीडमध्ये ते ४० टक्क्यांच्या वर होते. त्यामुळे प्रथम वर्षाला माझ्यासमोर बसलेली प्रत्येक मुलगी मला एक वाचलेली मुलगी वाटते.

जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतील आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. माझ्या एका विद्यार्थिनीने ती बातमी छापलेला कागद वडिलांना दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि विचारले, “आन् राहायचं कुठं?” शुल्क माफ झाले तरी खोली आणि जेवण उरते. तिच्या शिक्षणाचा निर्णय अखेर वसतिगृहाच्या यादीत नाव लागल्यावर झाला, आणि ती यादी लागेपर्यंत मायलेकींनी घरात दुसरा विषय काढला नव्हता.

माजी विद्यार्थिनी, सेनगाव तालुका, जि. हिंगोली

गुरुजी, वाढ्यांचा हिशेब ठेवणाऱ्या त्या मुलीचे पुढे काय झाले? सर्व अनुभव वाचले, पण माझे मन तिथेच अडकले आहे.

धागाकर्ता

ताई, ती आणखी दोन हंगाम आईबापांबरोबर गेली. सहावीत असताना तिला कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयाच्या वसतिगृहात जागा मिळाली आणि दहावीपर्यंत ती शिकली; त्यानंतर ते कुटुंब गाव सोडून गेले, त्यामुळे पुढचे मला ठाऊक नाही. तिचा धाकटा भाऊ मात्र एकदाही फडावर गेला नाही. त्याचे नाव पहिलीत लिहिले त्या वर्षी त्याच्या आईने उचल घेताना मुकादमाला अट घातली होती, की सासूच्या दम्याच्या औषधाचे पैसे त्याने दर महिन्याला गावातल्या दुकानात भरायचे. औषध गावात मिळाले म्हणून म्हातारी गावात राहिली, आणि म्हातारी राहिली म्हणून नातू राहिला. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ती पावती घेऊन तो शाळेत यायचा आणि मला वाचून दाखवायचा.