होस्टेलमध्ये राहणे म्हणजे निव्वळ चिकटपणा आहे का?

पंचवटीकर: ‘परदेशात जाऊन अनोळखी माणसांच्या खोलीत झोपायचे, तर घरीच राहावे; होस्टेल ही चिकट लोकांची सोय आहे,’ हे येथील काल रात्रीचे विधान वाचून राहवले नाही. रिचर्ड शिरमान या जर्मन शिक्षकाने १९१२ मध्ये आल्टेनाच्या किल्ल्यात पहिले युवा होस्टेल काढले, ते पायी सहलीला निघालेल्या मुलांना रात्रीचा निवारा मिळावा म्हणून. रामकुंडावर येणारे यात्रेकरू पिढ्यानपिढ्या धर्मशाळेत पथारी टाकत आले; त्याच नाशिकच्या माणसाने सामायिक खोलीला नाक मुरडावे, याचे नवल वाटते. लिस्बनला माझ्या पलंगाला पडदा होता, उशाशी दिवा होता आणि खालच्या कप्प्याला स्वतःचे कुलूप लावता येत होते.

गंगापूर रोड: ते विधान माझेच आहे आणि मी त्यावर ठाम आहे. धर्मशाळेत आपण घरच्या माणसांसह उतरतो; होस्टेलमध्ये वरच्या पलंगावरचा पाहुणा पहाटे विमान गाठण्यासाठी अर्धा तास प्लॅस्टिकच्या पिशव्या चाळवत बसतो. युरोपातील बहुतेक देशांना एकच चालणाऱ्या शेंगेन व्हिसाचे ९० युरो, ३०,००० युरोंचे संरक्षण देणारा वैद्यकीय विमा आणि विमानाचे तिकीट एवढे सगळे भरल्यावर काटकसर नेमकी झोपेतच का करावी?

शाकाहारी प्रवासी: झोपेचे सोडा, स्वयंपाकघराचे बोला. ज्या तव्यावर सकाळी कोणी बेकन परतले, त्यावर मी पोळी भाजायची का? मी घरचा तवा बॅगेतून नेते आणि त्याची मला लाज वाटत नाही.

पंचवटीकर: तवा अवश्य न्यावा, मोहरी मात्र नेऊ नये. आपल्याच एका बांधवाने खिडकी न उघडता मिरचीची फोडणी दिली, धुराचा भोंगा वाजला आणि आम्ही सगळे रात्रीच्या कपड्यांत रस्त्यावर उभे राहिलो.

शाकाहारी प्रवासी: म्हणजे बेकनचा वास चालतो आणि फोडणी तेवढी खुपते! फ्रिजमध्ये नाव व निघण्याची तारीख चिकटवून ठेवलेले माझे दही कोणीतरी फस्त केले, तेव्हा कोणता भोंगा वाजला होता?

पंचवटीकर: ताई, धुराच्या यंत्राला जातधर्म कळत नाही, उगाच अस्मितेवर जाऊ नका.

गंगापूर रोड: अस्मिता कोणी काढली? धर्मशाळा तर आपणच मध्ये आणलीत. असो. माझी मुलगी एकटी जाणार आहे आणि केवळ स्त्रियांसाठी असलेल्या खोलीत चारचौघींची सोबत मिळते, एवढे मी नाइलाजाने मान्य करतो. मात्र मी स्वतः दार बंद होणारी खोलीच घेणार, मग आपण मला उधळ्या म्हणा.

शाकाहारी प्रवासी: मुलीला सांगा, दह्यावर नाव लिहून उपयोग नाही, त्याच दिवशी संपवावे.