शाळा ते क्लास या मधल्या वेळेत मुलाच्या खाण्याचं काय करायचं? (राजारामपुरी, कोल्हापूर)

नमस्कार, मुलगा नववीत आहे. शाळा पाचला सुटते आणि साडेपाचला राजारामपुरीत क्लास, आम्ही राहायला कळंब्याला, त्यामुळं मधे घरी येऊन जाणं जमतच नाही. मग ती सगळी पोरं क्लासखालच्या गाड्यावर, वडापाव नाहीतर शेजवान नूडल्स, वर कोल्ड्रिंक, आणि रात्री घरी आला की जेवण नको.

पोरगं खाण्याच्या बाबतीत अजिबात नखरेल नाही हो. घरी भाकरी, मेथी, मटकीची उसळ, खर्डा सगळं आवडीनं खातो, चिप्स कधी मागत पण नाही. म्हणून माझं पक्कं मत झालंय की प्रश्न त्याच्या जिभेचा नाही, जागेचा आहे. ब्रिटनमध्ये 2008 ते 2014 च्या आहार पाहणीवरून मुलांचा अभ्यास झालाय, त्यात पण घरी आणि शाळेत खाल्लं जातं त्यापेक्षा हॉटेलात, खेळायच्या-फिरायच्या ठिकाणी आणि रस्त्यानं जाताजाता खाल्लेलं जास्त अरबट-चरबट निघालं.

मला सगळ्यात काळजी कोल्ड्रिंकची वाटते. 300 मिलीच्या बाटलीत 30 ग्रॅमच्या वर साखर असते आणि डब्ल्यूएचओच्या हिशोबानं मोठ्या माणसानं सुद्धा दिवसभरात वरून घातलेली साखर साधारण 25 ग्रॅमच्या आत ठेवलेली बरी. शाळेच्या गेटपासून 50 मीटरच्या आत असलं काही विकायचं नाही असा एफएसएसएआयचा (म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) 2020 चा नियम आहे, पण तो शाळेला, क्लासच्या दारात कोण बघतंय?

डबा देऊन बघितला. पोळीभाजीचा रोल फॉइलमध्ये गुंडाळून दिला तर तसाच परत आला, पाणी सुटून पार लिबलिबीत झालेला. विचारलं तर म्हणतो, "आई, बसून कुठं खाऊ, जिन्यात?" आणि खरंच तिथं जिना आणि पार्किंग सोडून टेकायला काही नाही. क्लासवाल्या सरांना एखादी खोली उघडी ठेवता का विचारलं, तर म्हणाले आधीची बॅच चालू असते. पैसे देणं बंद करूनही उपयोग नाही, मित्र देतातच, आणि चारचौघांत त्याला तसं अवघडून ठेवायचं पण मला पटत नाही. आमचे सासरे सांगतात, त्यांच्या वयाची पोरं तालमीतनं सुटली की घोळक्यानं गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर दूध प्यायला जायची. घोळका तेव्हाही होताच की, फक्त उभा दुसरीकडं असायचा.

तर कुणी पालकांनी मिळून क्लासवाल्यांकडून पंधरा-वीस मिनिटं बसायला जागा मिळवलीय का, आणि कसं बोलला त्यांच्याशी? राजारामपुरीत चालत जाण्यासारखं, पाच-सहा पोरं एकदम बसतील आणि उकडलेली अंडी, उसळ, ताक, फळं असं काही मिळेल असं ठिकाण माहीत असेल तर प्लीज सांगा, एकटा तो जाणार नाही. आणि सकाळी भरलेलं संध्याकाळपर्यंत टिकेल, उभ्या उभ्या खाता येईल असं शेंगदाण्याचा लाडू सोडून आणखी काय देता?