मदत हवी आहे : अमृतानुभवातलं ‘ज्ञान हाही बंध’ कसं समजून घ्यावं?

नमस्कार मंडळी. आम्ही पाचजण दर गुरुवारी मिळून ज्ञानेश्वर माउलींचा अमृतानुभव वाचतो. ग्रंथातली जुनी मराठी काय, की संस्कृत काय, कुणालाच धड येत नाही, त्यामुळे सगळी भिस्त अर्थासह छापलेल्या प्रतीवर. तिसऱ्या प्रकरणात गाडी अडली आहे.

तिथे माउली शिवसूत्राचा (काश्मीर शैवमताचा मूळ संस्कृत ग्रंथ) हवाला देऊन ज्ञानालाही बंध म्हणतात. पुढे सातवं प्रकरण अज्ञानखंडनाचं, ते सगळ्यांत लांब. आणि लगेच आठवं ज्ञानखंडनाचं! इकडे गीतेत मात्र ‘न हि ज्ञानेन सदृशं पवित्रमिह विद्यते’ (४.३८), आणि त्यावर ज्ञानेश्वरीत माउलींनीच ज्ञानाचा केवढा गौरव केलाय. मग एकाच लेखणीतून दोन्ही कसं?

मला वाटतं, अमृतानुभवात ज्याचं खंडन आहे ते अज्ञानाच्या तुलनेत उभं राहिलेलं, ‘मला कळलं’ असं म्हणणारं ज्ञान. कापूर जळून गेल्यावर ज्योतही उरत नाही, तसं काहीसं. पण आमच्यातल्या एक काकू म्हणतात, शिवसूत्रातलं ‘ज्ञानं बन्धः’ मुळात मर्यादित, भेदाच्या ज्ञानाबद्दल आहे; माउली त्याच्याही पुढे जातात. त्यांचं म्हणणं मला खोडता येत नाही (आणि त्या ते दर गुरुवारी आठवण करून देतात).

ज्यांनी हा ग्रंथ कुणापाशी बसून अभ्यासलाय त्यांनी कृपया सांगावं : तिसरं प्रकरण इथेच सोडून आधी सातवं-आठवं वाचावं, की क्रमानेच जावं? आणि काश्मीर शैवमताची किमान ओळख करून देणारं सोपं मराठी पुस्तक कोणतं?