दोन देशमुख काकू, दोघींचं ‘नेहमीचंच’: हेअर कलरचा घोळ कसा टाळायचा?

प्रश्न (जालना)
पार्लर दोन खुर्च्यांचं, हाताखाली एक मुलगी. नेहमीच्या बायकांत दोन देशमुख काकू आणि तीन जाधव वहिनी. खुर्चीत बसल्या की ‘नेहमीचंच लाव’ म्हणतात. एकीला रंगाचा ४ नंबरचा शेड लागतो, दुसरीला ५.४. तुळशीचं लग्न झालं की गर्दीत गोंधळ ठरलेला. विचारावं तर त्यांना वाटतं, इतक्या वर्षांची ओळख अन् हिला आठवत नाही. प्रत्येकीच्या नोंदीच्या कार्डावर काय लिहावं, आणि विचारावं कसं?

उत्तर (लातूर)
ताई, कार्डाच्या डोक्यावर मोबाइलचे शेवटचे चार आकडे टाका, नाव त्याखाली. शेड लिहिताना कंपनीसकट लिहा. बिंदूआधीचा आकडा गडदपणाचा, तो बहुतेक सगळीकडे सारखा. बिंदूनंतरचा ४ मात्र एका कंपनीत तांबूस, दुसरीत लाल. नुसतं ‘५.४’ लिहिलं आणि ट्यूब बदलली की काकू लाल केस घेऊन घरी जातात.

मग रंग किती ग्रॅम, डेव्हलपर (रंगात कालवायचं पेरॉक्साइड) किती, किती ताकदीचा, किती मिनिटं. पांढरे केस झाकायला २० व्हॉल्यूम, म्हणजे ६ टक्के, पुरतो. मुलीने चुकून ३० ओतला तर टाळूच्या उष्णतेने मुळं जास्त उजळतात आणि भांगात तांबडी पट्टी दिसते.

‘तेच ना काकू?’ असं विचारू नका, त्याला उत्तर ‘हो’च येतं. ‘मागचा रंग कसा टिकला? मध्ये घरी मेंदी लावली का?’ असं विचारा. ओळखही राहते, माहितीही मिळते. ट्यूब उघडण्याआधी खोका त्यांना दाखवा.

उत्तर (परभणी)
मेंदीचं अगदी बरोबर. काळ्या मेंदीच्या काही पुड्यांत धातूचे क्षार असतात. त्यावर पेरॉक्साइड पडलं की केस तापतात, तुटतात. शंका आली तर विंचरताना निघालेले चार केस काचेच्या वाटीत कालवलेल्या रंगात अर्धा तास ठेवा. वाटी गरम झाली किंवा फेस आला, तर त्या दिवशी रंग लावायचाच नाही.

पॅच टेस्टची, म्हणजे ॲलर्जीच्या चाचणीची, तारीख कार्डावर हवीच. थोडा रंग कानामागे लावून ४८ तास थांबायचं. एकीची टेस्ट दुसरीच्या कार्डावर चढली, तर प्रकरण लाजण्यावर थांबत नाही. चेहरा सुजून दवाखाना गाठावा लागतो.

उत्तर (अंबाजोगाई)
नंबर घेताना तो कुणाचा हेही लिहा. आपल्याकडे बऱ्याच जणी नवऱ्याचा नाहीतर मुलाचा देतात. त्यावर ‘अप्पर लिप आणि कलरची तारीख आली’ असा मेसेज गेला की बाई पुन्हा पायरी चढत नाही. ‘उद्या ४ वाजता या’ एवढंच पाठवा. आणि जावा-नणंदा सोबत असतील तर शेडचा नंबर मोठ्याने बोलू नका, कार्डावर बोट ठेवा. पुष्कळ जणींनी पांढरे केस घरातही सांगितलेले नसतात.

प्रश्न (जालना)
आणि चुकीचा लागलाच तर?

उत्तर (लातूर)
पहिल्या पाच मिनिटांत लक्षात आलं तर लगेच शाम्पूने धुवा, बराचसा निघतो. फिका लागला असेल तर त्यावर गडद बसतो. गडद लागला असेल तर वरून फिका लावून काही होत नाही, रंगाने रंग उतरत नाही. घाईत ब्लीच करू नका, मेंदीच्या केसांवर तर मुळीच नाही. काकूंना तिथेच खरं सांगा, पैसे घेऊ नका, आणि पुढच्या वेळी फक्त मुळांना त्यांचा शेड लावा.