मदत हवी आहे: शिक्षेआधी कोर्टात जाणारे प्रोबेशन ऑफिसरचे रिपोर्ट तपासायचे कसे?

नमस्कार. धागा लांबणार आहे, पण ज्यांनी हे काम केलंय किंवा कोर्टात जवळून बघितलंय त्यांनी कृपया शेवटपर्यंत वाचा, मला खरंच मदत हवीये.

मी महिला व बाल विकास खात्यात आहे, जिल्ह्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करून लागले, सात वर्षं स्वतः परिविक्षा अधिकारी, म्हणजेच प्रोबेशन ऑफिसर किंवा पीओ, म्हणून गावोगाव फिरले आणि आता दोन महिन्यांपासून बाकीच्या पीओंच्या कामावर देखरेख करायचा चार्ज माझ्याकडे आलाय. ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, एखाद्याला कोर्टाने दोषी ठरवलं की शिक्षा सुनावण्याआधी न्यायाधीश आमच्याकडून रिपोर्ट मागवतात की हा माणूस कोण, घरी कोण आहे, शिकलाय किती, पोटापाण्याला काय करतो, त्याला आत टाकणं बरं की बॉण्डवर, म्हणजे नीट वागायचं हमीपत्र घेऊन, सोडून कुणाच्या तरी देखरेखीखाली ठेवणं बरं, यालाच प्रोबेशन किंवा परिविक्षा म्हणतात. कायदा १९५८ चा, गुन्हेगार परिविक्षा कायदा. आरोपी २१ वर्षांच्या आतला असेल आणि गुन्हा जन्मठेपेचा नसेल तर कलम ६ प्रमाणे त्याला तुरुंगात पाठवायचं की नाही हे ठरवण्याआधी कोर्टाला आमचा रिपोर्ट मागवावाच लागतो. म्हणजे कधीकधी एका पोराचं सगळं पुढचं आयुष्य आमच्या त्या तीन पानांवर टेकलेलं असतं.

आता अडचण सांगते. चार्ज घेतल्यावर मी जुने रिपोर्ट काढून वाचायला बसले आणि पोटात गोळाच आला. "आर्थिक परिस्थिती हलाखीची आहे. शेजाऱ्यांचे मत चांगले आहे. सुधारण्यास वाव आहे." हीच वाक्यं, याच क्रमाने, प्रत्येक रिपोर्टमध्ये. मोटरसायकल चोरणाऱ्याच्या रिपोर्टात तीच, भावकीत डोकं फोडणाऱ्याच्या रिपोर्टात पण तीच. आणि मग जे व्हायचं तेच झालं. विहिरीवरच्या मोटरची केबल चोरण्याच्या केसमध्ये १९ वर्षांच्या पोराचा रिपोर्ट गेला, पहिल्या पानावर "वडील मयत" आणि तिसऱ्या पानावर "वडील शेतमजुरी करून कुटुंबाचा उदरनिर्वाह चालवतात". न्यायाधीशांनी भर कोर्टात आमच्या पीओला विचारलं, तुम्ही या घरी गेला होतात का? तो गेला होता हो. मला माहितीये गेला होता, त्याच्या गाडीचं पंक्चर त्या दिवशी निघालं होतं. पण लिहिताना जुनी फाईल उघडून नाव-गाव बदललं आणि वडील राहून गेले. नवीन रिपोर्ट द्या म्हणून पुढची तारीख पडली आणि ते पोरगं महिनाभर आणखी टांगणीला लागलं.

दुसऱ्या दिवशी मी त्या पीओबरोबर परत त्या घरी गेले. पत्र्याच्या दोन खोल्या, पोरगं आणि त्याची आज्जी, बस. चुलीच्या वरच्या भिंतीवर कोळशाने काहीतरी काढलेलं दिसलं, आधी मला वाटलं लहान मुलाने रेघोट्या मारल्यात. जवळ जाऊन बघितलं तर एका खाली एक तीन चित्रं होती, उगवता सूर्य आणि त्याच्यापुढे गोल, डोक्यावरचा सूर्य आणि लांबट काहीतरी, मग चंद्र आणि अर्धा गोल. आज्जीला विचारलं तर म्हणाली, मला वाचता येत नाही ना, म्हणून नातवानं गोळ्या काढून ठेवल्यात, सकाळी ही, दुपारी ही, रात्री अर्धी. मी पीओकडे बघितलं. तो म्हणाला, मॅडम हे मी मागच्या वेळी पण बघितलं होतं, पण हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

तिथून आम्ही केबल ज्यांची गेली त्या शेतकऱ्याकडे गेलो. त्यांच्याकडे आधी कुणी गेलंच नव्हतं. ऐन कांद्याला पाणी द्यायच्या वेळी केबल गेली, दोन पाळ्या चुकल्या, माल बारीक राहिला. ते म्हणाले, "पैसं देतील न देतील, पण माझ्यापुढं येऊन बोलू दे की त्याला." हे वाक्य न्यायाधीशांपर्यंत पोचायला नको का? कलम ५ मध्ये कोर्ट नुकसानभरपाई द्यायला सांगू शकतं आणि ती भरायला त्या माणसाला मदत करणं हे कलम १४ प्रमाणे पीओचंच काम आहे, आणि आमच्या फाईलमध्ये ज्याचं नुकसान झालं त्याच्याबद्दल एक ओळ नाही.

मग माझ्याकडून चूक झाली. रात्री बसून मी तो रिपोर्ट स्वतःच लिहून काढला. चांगला झाला असं मला वाटलं. सकाळी पीओने वाचला आणि शांतपणे म्हणाला, "मॅडम, मग सही पण तुम्हीच करा." त्याचं बरोबर आहे, उद्या कोर्टाने बोलावलं तर उभा तो राहणार, आणि मी लिहिलेल्या वाक्यांना तो काय उत्तर देणार.

आणि ही माणसं आळशी नाहीत हे पण सांगते, नाहीतर सगळे म्हणतील सरकारी काम. एकेकाकडे दोन-तीन तालुक्यांची कोर्टं, वर बाल न्याय मंडळाचे (१८ च्या आतल्या मुलांच्या केसेस बघणारं मंडळ) सामाजिक तपासणी अहवाल, तिथे बालकाला पहिल्यांदा मंडळापुढे आणलं की १५ दिवसांत अहवाल द्यायचा असतो, गृहभेटी स्वतःच्या टू-व्हीलरवर आणि टीए बिल (प्रवासभत्ता) कधी निघेल ते कुणालाच माहीत नाही. अशा माणसाला मी "मन लावून लिहा" म्हणून कुठल्या तोंडाने सांगू?

तर मला विचारायचंय ते हे, की दुसऱ्याचा रिपोर्ट आपण न लिहिता सुधारून कसा घ्यायचा? शेवटी "प्रोबेशनवर सोडावे" असं स्पष्ट लिहायचं की फक्त परिस्थिती मांडून थांबायचं? आणि गावात चौकशीला गेलं की "ह्याच्या घरी कोर्टाची माणसं आली" असा बोभाटा होतो तो कसा टाळायचा? भिंतीवरची ती चित्रं माझ्या डोळ्यासमोरून जात नाहीयेत. सांगा प्लीज.

निवृत्त_पीओ:
ताई, रिपोर्ट हातात घेऊन लाल पेनाने शेरे मारायचं आधी बंद करा, त्याने माणूस फक्त तुम्हाला आवडेल असं लिहायला शिकतो. मी शेवटची काही वर्षं देखरेखीला होतो तेव्हा मसुदा वाचायचोच नाही आधी. पीओला समोर बसवायचं, फाईल बंद, चहा सांगायचा आणि म्हणायचं सांग मला त्या घरात काय बघितलंस. दहा मिनिटं तो बोलतो आणि त्यात सगळं येतं, तुमची ती गोळ्यांची चित्रं पण येतात. मग फाईल उघडायची आणि विचारायचं, आत्ता जे बोललास ते यात कुठंय? तो स्वतःच मान खाली घालतो आणि स्वतःच लिहितो. वाक्य त्याचं राहतं, सही त्याची राहते.

दुसरं, विशेषणं काढून टाकायला लावा. "चांगले मत" नाही चालणार, कोण म्हणालं, काय म्हणालं, तो त्याला किती वर्षं ओळखतो ते लिही. शेजारी म्हणजे कोण? बऱ्याचदा पोलीस पाटलाच्या ओट्यावर बसून तिथेच जमलेल्या चार डोक्यांना विचारलेलं असतं आणि त्यातला एकजण फिर्यादीचा चुलत भाऊ असतो.

बोभाट्याचं म्हणाल तर पोलिसांच्या गाडीतून कधीही जायचं नाही, ते गाडीत जागा देतात, मोह होतो, तरी नाही. पहिल्यांदा घरी जायचं, गावात नंतर. शेजाऱ्याला गुन्ह्याचं नाव काढून प्रश्न विचारायचा नाही, आणि ज्याची चौकशी आहे त्यालाच आधी विचारायचं की तुझ्याबद्दल कुणाशी बोलू, दोन नावं तू सांग, दोन मी शोधतो. असं विचारलं की तो माणूसही मोकळा होतो. आणि महिन्यातून एकदा कुणाबरोबर तरी गृहभेटीला तुम्ही जा, पण तोंड उघडायचं नाही. हे फार अवघड जातं, मला तर फारच जायचं.

काळाकोट:
मी फौजदारी वकिली करतो, तालुका कोर्टात. ताई, तुम्ही हे विचारताय याचंच मला बरं वाटलं. माझ्या बाजूने दोन-तीन गोष्टी.

वयाचा घोळ रिपोर्टात फार असतो. बाल न्याय कायद्यात गुन्ह्याच्या दिवशीचं वय बघतात, पण १९५८ च्या कायद्याच्या कलम ६ ला सुप्रीम कोर्टाने १९६२ मध्येच रामजी मिसर केसमध्ये सांगितलंय की खालच्या कोर्टाने दोषी ठरवून शिक्षेचा विचार करण्याच्या वेळचं वय धरायचं. म्हणजे खटला रेंगाळला आणि पोरगं २१ ओलांडून गेलं की कलम ६ चं संरक्षण गेलं, मग कलम ४ वर, म्हणजे वयाची अट नसलेल्या सर्वसाधारण तरतुदीवर, मागावं लागतं. तुमचा पोरगा १९ चा आहे, त्याच्यासाठी ही तारीख लांबणं म्हणूनच गंभीर आहे. जन्मतारखेचा शाळेचा दाखला रिपोर्टाला जोडायला लावा.

शिफारशीबद्दल माझं मत, लिहावी. कलम १४ चे शब्दच असे आहेत की या माणसाच्या बाबतीत सगळ्यात योग्य मार्ग कोणता हे ठरवायला कोर्टाला मदत व्हावी म्हणून चौकशी करायची. नुसतं "सोडावे" लिहून मदत होत नाही. देखरेख कोण करणार, तो कुठे राहणार, कामाला कुठे जाणार, कुठली अट पाळणं त्याला जमेल आणि कुठली नाही, हे लिहिलेलं असलं तर न्यायाधीशांना ऑर्डर लिहायला काहीतरी हातात मिळतं. देखरेखीचा आदेश निदान एक वर्षाचा असतो, बॉण्ड तीन वर्षांपर्यंत जाऊ शकतो, एवढा काळ तो टिकेल का हे कुणीतरी आधी बघायला हवं ना. न्यायाधीशांना शिफारस पटली नाही तर ते नाकारतील, तो त्यांचा अधिकार आहे.

आणि एक तक्रार. कलम ७ ने तुमचा रिपोर्ट गोपनीय आहे, कोर्टाला वाटलं तर त्यातलं सार आरोपीला सांगतं आणि त्याला पुरावा द्यायची संधी देतं. बरेचदा सांगितलंच जात नाही. म्हणजे तुमच्या पीओने "वडील मजुरी करतात" असं चुकीचं लिहिलं तर ते दुरुस्त करायला आम्ही त्या खोलीतच नसतो. म्हणून चूक पकडायची सगळी जबाबदारी तुमच्या टेबलावर येते.

दूरदेशी:
मी अमेरिकेत फेडरल, म्हणजे केंद्रीय, कोर्टाच्या प्रोबेशन ऑफिसमध्ये आहे, मूळ सांगलीची. आमच्याकडे नेमकं हेच काम, ऑफिसर रिपोर्ट लिहितो आणि कोर्टाकडे जाण्याआधी सुपरवायझर तपासतो. वरच्या काळाकोट यांच्या तक्रारीवर सांगायचं तर इथे नियमच असा आहे की शिक्षेच्या तारखेच्या निदान ३५ दिवस आधी रिपोर्ट आरोपी, त्याचा वकील आणि सरकारी वकील तिघांना द्यायचा, त्यांनी १४ दिवसांत लेखी हरकती घ्यायच्या आणि निदान ७ दिवस आधी रिपोर्ट आणि न सुटलेल्या हरकती, त्यांवर ऑफिसरचं म्हणणं यांची पुरवणी जोडून कोर्टात द्यायचं. दोन्ही बाजूंचे वकील एकेक ओळ वाचणार हे माहीत असलं की जुनी फाईल उघडून नाव बदलायचा धीरच होत नाही. तुमच्याकडे हरकती घेणारं कुणी नाही, तर ते काम तुम्ही पीओंमध्येच करा ना, एकाचा रिपोर्ट दुसऱ्याने वकिलाच्या नजरेने वाचायचा आणि समासात फक्त एकच प्रश्न लिहायचा, "हे कुणी सांगितलं?"

आणि ज्यांची केबल गेली त्यांच्याबद्दल. आमच्याकडे गुन्ह्याचा ज्याला त्रास झाला त्याच्यावर काय परिणाम झाला, पैशाचा, मनाचा, तब्येतीचा, हे रिपोर्टात असलंच पाहिजे. तुमच्या नमुन्यात रकाना नसेल तर वेगळं पान जोडा, नमुन्यात नाही म्हणून लिहायला बंदी थोडीच आहे.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. काका, तुमचं फाईल बंद करून ऐकायचं मी काल केलं. मी लिहिलेला मसुदा त्याच्यासमोर फाडला आणि म्हटलं सांग. तो पंधरा मिनिटं बोलला आणि त्यात मला माहीत नसलेलं पण निघालं, की पोरगं आयटीआयला वायरमनला होतं आणि आज्जी पडली तेव्हापासून जाणं सुटलं, आणि केबलमधलं तांबं विकून आलेल्या पैशातले काही तिच्या एक्स-रेला गेले असं ते सांगतं. एक्स-रेची पावती आहे का हे बघायला तो आज परत गेलाय. पावती मिळाली तरी चोरी ती चोरीच हे त्याला मी सांगितलं, पण कोर्टाला दोन्ही कळू दे.

शेतकऱ्याचं म्हणणं वेगळ्या पानावर त्यांच्याच शब्दांत जोडतोय, त्यांना वाचून दाखवून सही घेतली. काळाकोट, जन्माचा दाखला शाळेतून मागवलाय, हे माझ्या लक्षातच आलं नसतं. समासातल्या प्रश्नाचं सोमवारच्या मीटिंगमध्ये सांगणार आहे, दोघांना पटेल, एकजण रुसेल असं वाटतंय.

एक राहिलंच. माझ्याकडच्या पीओंपैकी एक मुलगी आहे, नवीन लागलीये, तिच्या एका केसमध्ये गावातले एक वजनदार गृहस्थ तिला रोज फोन करतायत की रिपोर्ट चांगला द्या. तिने मला घाबरत घाबरत सांगितलं. मी तिला म्हटलं प्रत्येक फोनची तारीख-वेळ वहीत लिही आणि पुढची गृहभेट मी तुझ्याबरोबर करते. पण हे फोन आले होते हे कोर्टाला रिपोर्टात कळवायचं का, की त्याने त्या आरोपीचंच नुकसान होईल, ज्याने कदाचित असं करायला सांगितलेलंच नसेल? कुणाला असा अनुभव असेल तर लिहा, तिचा रिपोर्ट गुरुवारी जायचाय.